युरिया सेंद्रिय कसा?

भाची जळगावला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती चोपडा तालुक्यातल्या घरी आली, तेव्हा मीही धुळ्याहून बहिणीकडे गेलो होतो. ओट्यावर युरियाच्या गोण्या उतरवलेल्या, आणि त्यांनाच टेकून ती जीवरसायनाचे पुस्तक वाचत बसलेली. वाचता वाचता तिने वडिलांना सहज सांगितले, की पुस्तकात युरिया ऑर्गॅनिक म्हणून दिला आहे. ऑर्गॅनिक म्हणजे सेंद्रिय, हे आता खेड्यात कुणाला सांगावे लागत नाही. दाजी दुकानाची पावती बघत होते. ती खिशात घालून म्हणाले, "युरिया सेंद्रिय शे? मंग इतला वरीस मी काय टाकी ऱ्हायनू वं?"

(अहिराणीतला हा 'शे' गुजराती 'छे'चा आणि बंगाली 'आछे'चा सख्खा भाऊ दिसतो. प्राकृतातल्या 'अच्छइ'पाशी तिघांचे घर एक होते असे मानतात. पण ते असो.)

प्रश्न बिनतोड होता. शेतकऱ्याच्या लेखी ज्यात युरिया नाही ते सेंद्रिय. रसायनाच्या पुस्तकात मात्र सेंद्रिय रसायनाची गोष्ट युरियापासूनच सुरू होते. एकच शब्द, एकच पदार्थ, आणि दोन साक्षी एकमेकांविरुद्ध. भाची माझ्याकडे वळली. "मामा, तुम्ही शब्दांचं बघता ना? मग हे सोडवा." धुळ्यात राहणाऱ्याला असा प्रश्न टाळता येत नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे याच गावात १९२६ साली वारले आणि मराठी धातूंच्या मागे लागण्याचा नाद गावाला लावून गेले. तो नाद माझ्यासारख्या किरकोळ माणसालाही चिकटतो.

सेंद्रिय म्हणजे स अधिक इंद्रिय, इंद्रियांसहित. इथपर्यंत शाळकरी संधी. गंमत पुढे आहे. 'इंद्रिय' हा शब्द इंद्रावरून आला हे उघड दिसते, पण इंद्राचा आणि डोळ्याकानांचा संबंध काय? पाणिनीने या एका शब्दासाठी सूत्र खर्ची घातले आणि त्यात एक नव्हे, पाच पर्याय दिले: इंद्राची खूण, इंद्राने पाहिलेले, इंद्राने निर्मिलेले, इंद्राने सेविलेले, इंद्राने दिलेले. वर शेवटी 'किंवा' जोडून दार उघडे ठेवले. एवढा काटेकोर माणूस, पण या शब्दापाशी त्यालाही 'असावे' म्हणावे लागले, याचा मला फार आधार वाटतो. वेदात इंद्रिय म्हणजे इंद्राचे बळ. त्या बळावरून ज्ञानाची व कर्माची शक्ती, आणि शक्तीवरून ती जिथे राहते तो अवयव, अशी ही उतरण असावी.

आता 'ऑर्गन'. ग्रीक 'ऑर्गानॉन' म्हणजे हत्यार, अवजार. काम या अर्थाच्या 'एर्गॉन'चा सोयरा. याच कुळातला फारसी धातू 'वर्ज़' म्हणजे काम करणे, राबणे. हिंदीतला पहिलवान 'वर्जिश' करतो ती यातली, आणि फारसीत शेतकऱ्याला 'किशावर्ज़' म्हणतात त्यातला शेवटचा तुकडाही हाच. म्हणजे ऑर्गॅनिक आणि शेतकरी यांचे नाते फार जुने, फक्त ते इराणात जाऊन शोधावे लागते.

ग्रीकांनी अवयवाला अवजार म्हटले, आपण बळ म्हटले. अवजाराला तंतोतंत जुळणारा शब्द संस्कृतात होता: 'करण'. अंतःकरण म्हणजे अक्षरशः आतले अवजार. तेव्हा परिभाषा करणाऱ्यांनी शब्दशः जायचे ठरवले असते, तर आज भाची 'सकरण रसायन' शिकत असती आणि दाजी 'सकरण खत' टाकत असते. वाचलो म्हणायचे.

वाचलो ते चरकामुळे असे दिसते. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात द्रव्यांची वाटणी आहे: सेंद्रिय ते चेतन, निरिंद्रिय ते अचेतन. जोडी तयार, घासून पुसून ठेवलेली. पुढे इंग्रजी पुस्तकांतले 'ऑर्गॅनिक' आणि 'इनऑर्गॅनिक' मराठीत आणायची वेळ आली तेव्हा ती तशीच उचलली गेली असावी. चरकावर अकराव्या शतकात टीका लिहिणाऱ्या चक्रपाणिदत्ताने इथे एक सुंदर पाचर मारली आहे. झाडांनाही इंद्रिये असतात असे त्याचे म्हणणे. दाखला म्हणून तो सूर्यभक्ता नावाची वनस्पती देतो: सूर्य फिरतो तशी ती फिरते, त्या अर्थी तिला दृष्टी असली पाहिजे. (ही सूर्यभक्ता म्हणजे आपले सूर्यफूल नव्हे. ते अमेरिकेतून आलेले, समुद्रापलीकडचा पाहुणा.)

तर सेंद्रिय शब्दात मूळ कसोटी चेतनेची. युरोपातही कसोटी जवळपास तीच होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनच्या बर्झेलियसने सेंद्रिय रसायन हे नाव रूढ केले, तेव्हा समज असा, की सजीवांत सापडणारे पदार्थ सजीवच घडवू शकतात. त्याला एक प्राणशक्ती लागते, ती भट्टीत नसते. आणि मग १८२८ साली जर्मनीचा व्होलर. त्याला करायचे होते अमोनियम सायनेट. त्यासाठी त्याने चांदीच्या सायनेटवर अमोनियम क्लोराइड घातले, आणि हाती लागले ते लघवीतून निघणारे युरियाचे स्फटिक. गुरू बर्झेलियसला त्याने कळवले, की मूत्रपिंडावाचून, मग ते माणसाचे असो की कुत्र्याचे, मी युरिया करू शकतो. एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन, चार हायड्रोजन. दोन्ही पदार्थांत अणू तेच, मांडणी वेगळी. अशा जोडप्यांना बर्झेलियसने पुढे 'आयसोमर' म्हटले. आयसॉस म्हणजे समान, मेरॉस म्हणजे भाग. मराठीत 'समघटक'. हा शब्द मला आवडतो. भाषांतर असून त्याला भाषांतराचा वास नाही.

त्या अमोनियम क्लोराइडला मराठीत फार जुने नाव आहे: नवसागर. कल्हईवाला भांडे तापवून कथलाबरोबर जी पांढरी पूड फिरवायचा आणि भपकन धूर निघून नाकात झिणझिण्या यायच्या, तो नवसागर. लहानपणी मला वाटे, नऊ समुद्रांच्या मिठापासून करत असतील. तसे काही नाही. फारसी 'नौशादर'; रसशास्त्राच्या संस्कृत पोथ्यांत तो 'नवसादर', 'नवसार', 'नरसार' असा चाचपडत येतो, आणि मराठी कानाने अखेर त्याला ओळखीचा वेष चढवला: नव आणि सागर. फारसी शब्दाची फोड 'नोश' म्हणजे अमृत आणि 'आदर' म्हणजे अग्नी अशी काही जण करतात. न विझणारा अग्नी. तापवल्यावर न वितळता सरळ धूर होणाऱ्या पदार्थाला हे नाव शोभते खरे, पण शोभणाऱ्या व्युत्पत्तीपासून नेहमी चार पावले दूर राहावे.

युरोपात याच क्षाराला अमोनचे मीठ म्हणत. इजिप्तच्या वाळवंटात सीवा येथे अमोन देवाचे देऊळ, त्या मुलखातून येणारे ते. त्यावरून अमोनिया. अमोनियावरून अमाइन, अमाइनवरून अमिनो आम्ल. १९१२ साली फुंक या पोलिश शास्त्रज्ञाने 'व्हिटा' म्हणजे जीवन आणि 'अमाइन' जोडून व्हिटॅमिन केले. मराठीने त्याचे 'जीवनसत्त्व' केले ते चांगलेच केले, कारण सगळी जीवनसत्त्वे अमाइन नाहीत हे पुढे कळले आणि इंग्रजीला शेवटचे एक अक्षर गाळून लाज झाकावी लागली. आणि 'व्हिटा', 'बायो' नि आपला 'जीव' हे तिघे एकाच मुळाचे. बायोकेमिस्ट्रीचे जीवरसायन करताना अर्धा शब्द भाषांतरित झालाच नाही, नुसता घरी परतला.

उरलेल्या अर्ध्याचेही थोडे ऐका. 'केमिस्ट्री' आली अल्केमीतून, ती अरबी 'अल्-कीमिया'तून, आणि तोच शब्द फारसीमार्गे मराठीत येऊन 'किमया' झाला. आपण किमया जादूला ठेवली आणि शास्त्रासाठी आयुर्वेदातले 'रसायन' घेतले, जे मुळात म्हातारपण लांबवण्याचे औषध. आज रसायन म्हटले की गावात फवारणीचा पंप आठवतो. आयुष्य वाढवणाऱ्या शब्दाचे काय झाले पाहा.

व्होलरकडे परत येऊ, कारण त्याच्या भट्टीतला वाद आपल्याकडे आधीच होऊन गेला होता, आणि तोही दारूच्या भट्टीवरून. चार्वाकांना विचारले जाई, की पृथ्वी, आप, तेज, वायू ही चार जड भुते, त्यांतून चैतन्य कुठून आले? उत्तर असे: किण्व वगैरे एकत्र आल्यावर मद निर्माण होतो, तसे. एकेकट्या पदार्थात नशा नाही, मिश्रणात आहे. 'किण्व' म्हणजे मद्य आंबवण्यासाठी घालायचे विरजण. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही सुराध्यक्षाच्या प्रकरणात तो भेटतो. त्याच्यावरून आजचे 'किण्वन', फर्मेंटेशन. चार्वाकांची बाजू शेवटी प्रयोगशाळेत सिद्ध झाली म्हणायची: १८९७ साली बुखनरने यीस्टच्या पेशी चिरडून नुसता रस घेतला, आणि त्या निर्जीव रसानेही साखर आंबवली.

त्या रसातले जे काम करते त्याला क्यूनने १८७७च्या सुमारास 'एन्झाइम' नाव दिले होते. ग्रीकमध्ये 'खमिराच्या आत'. मराठीत त्याचे दोन शब्द झाले. आज चालतो तो 'विकर', विकार घडवणारा. सुटसुटीत पण थोडा आजारी. जुना 'वितंचक'. उच्चारायला दाताखाली खडा आल्यासारखा, म्हणून मागे पडला असावा, पण त्याचे मूळ पाहा. संस्कृत 'तञ्च्' म्हणजे गोठणे, घट्ट होणे. 'आतञ्चन' म्हणजे दूध लावण्यासाठी घातलेले ताक. म्हणजे वितंचक हा माझ्या बहिणीच्या फडताळातल्या विरजणाच्या वाटीतला शब्द होता, आणि आम्ही तो अवघड म्हणून टाकला.

आता खुद्द युरिया. ग्रीक 'ऊरॉन', मूत्र. त्याचा संबंध आपल्या 'वर्षति'शी, म्हणजे पावसाशी लावतात. तसे असेल तर युरिया आणि वर्षा चुलत बहिणी ठरतात. लघवीतून युरिया १७७३ साली वेगळा झाला, फॉस्फरस तर त्याच्याही आधी १६६९ साली. हॅम्बुर्गच्या ब्रांटला मूत्रातून सोने काढायचे होते, निघाला अंधारात चमकणारा फॉस्फरस. पिवळ्या रंगाने किती जणांना भूल घातली असेल!

शरीरात युरिया कसा बनतो ते क्रेब्ज आणि हेन्सेलाइट यांनी १९३२ साली दाखवले. यकृतात एक चक्र फिरते: ऑर्निथिन, सिट्रुलिन, अर्जिनिन, आणि पुन्हा ऑर्निथिन. भाची ही नावे घोकत होती. मी म्हटले, घोकू नकोस, जरा थांबून त्यांची विचारपूस कर.

ऑर्निथिन. ग्रीक 'ऑर्निस' म्हणजे पक्षी. याफे नावाच्या शास्त्रज्ञाने १८७७ साली कोंबड्यांना बेंझोइक आम्ल चारले आणि त्यांच्या विष्ठेत हा पदार्थ जोडून आलेला सापडला. पण बेंझोइक आम्ल कुठले? बेंझोइन नावाच्या धुपातले. बेंझोइन कुठले? अरबी 'लुबान जावी', जावा बेटाकडचा लोबान. कातालान किंवा आसपासच्या कुठल्या बोलीत त्या 'लु'ला उपपद समजून छाटले, उरले 'बान जावी', त्याचे 'बेंजुई', त्याचे 'बेंझोइन', त्यातून बेंझिन. सहा कोनांचे ते कडे, ज्याच्या धाकाने बारावीतली निम्मी मुले कार्बनी रसायन सोडून देतात, ते लोबानाचे तुटलेले नाव आहे. गुरुवारी दर्ग्यात मोरपिसांच्या झाडूबरोबर ज्याचा धूर अंगावर घेतो, तोच लोबान.

सिट्रुलिन. 'सिट्रुलस' म्हणजे टरबूज, आणि जपानी शास्त्रज्ञांना हा पदार्थ टरबुजाच्या रसातच सापडला. तापीच्या पात्रात पाणी ओसरल्यावर वाळूत ज्याच्या वाड्या लागतात, ते टरबूज. हा शब्द फारसी 'तरबूज़', आणि त्याचा जोडीदार 'खरबूज़'. 'तर' म्हणजे ओला, 'खर' म्हणजे गाढव, पण जोडशब्दात पुष्कळदा 'मोठा'. तेव्हा एक ओली काकडी आणि एक गाढवाएवढी काकडी, अशी फोड दिसते.

अर्जिनिन. याची पांढरीशुभ्र चकाकणारी स्फटिके पाहून हे नाव दिले असावे; मुळाशी चांदीवाचक शब्द, ग्रीक 'आर्गिरॉस', लॅटिन 'आर्जेंटुम'. संस्कृतात याच मुळाचे 'रजत' आणि 'अर्जुन'. अर्जुन म्हणजे पांढरा, लखलखीत. महाभारतातला सावळा असूनही नावाने शुभ्र. साल औषधी असलेला अर्जुनसादडा तर खोडानेही पांढरा. तेव्हा भाचीच्या यकृतात एक पक्षी, एक टरबूज आणि एक अर्जुन गोल फिरत असतात आणि दर फेरीला युरियाचा एक रेणू बाहेर टाकतात. दिवसाला साधारण पंचवीस ग्रॅम धरला, तर दाजींची पंचेचाळीस किलोची एक गोणी भरायला एका माणसाला पाच वर्षे लागतील. हा हिशेब भाचीने केला, मी नाही.

'गोणी'चाही एक किस्सा आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. धान्याची गोणी पाणिनीलाही माहीत होती आणि इंग्रजीतली 'गनी बॅग' हीच. पण पतंजली महाभाष्याच्या सुरुवातीला 'गो' या शुद्ध शब्दाची बिघडलेली रूपे देतो, गावी, गोणी, गोता, गोपोतलिका, त्यात पुन्हा गोणी. कुणीतरी गाईला गोणी म्हणत होते आणि पतंजलीला ते खपले नाही. शेणखत गाईकडून येते, युरिया गोणीतून. वैयाकरणांच्या दप्तरी दोन्ही गोणीच.

गोणीवर छापले होते: नत्र ४६ टक्के. नत्र, स्फुरद, पालाश ही त्रयी खानदेशात शाळा न शिकलेल्या माणसाच्याही तोंडी असते, आणि परिभाषेतले इतके यशस्वी शब्द मला दुसरे माहीत नाहीत. 'नत्र' हा इजिप्तच्या 'नॅट्रॉन'शी, तिथल्या तळ्याकाठच्या सोड्याशी, ध्वनीने बांधलेला. सोडियमची 'एनए' ही खूण त्याच नॅट्रॉनवरून 'नेट्रियम', म्हणजे रक्ताच्या रिपोर्टातला सोडियम आणि गोणीतला नत्र नावाने सख्खे. 'स्फुरद' म्हणजे स्फुरण, चमक देणारा. फॉस्फरस म्हणजे ग्रीकमध्ये प्रकाश वाहणारा. त्यातला 'फॉस' आपल्या 'भा'चा आणि 'फोरॉस' आपल्या 'भर'चा भाऊ, तेव्हा नातेच जोडायचे तर शब्द 'भाभर' झाला असता. स्फुरद बरा.

पण तिघांत पालाश थोर. 'पोटॅश' म्हणजे मडक्यातली राख, लाकूड जाळून धुऊन काढलेला खार. तो शब्द मराठी करताना कुणा रसिकाला पळस आठवला. पालाश म्हणजे पळसाचे. नुसता आवाज जुळवला म्हणाल, तर सुश्रुताने क्षार करण्यासाठी जी झाडे जाळायला सांगितली त्यांत पलाश आहेच. ध्वनीही जुळला, अर्थही जुळला, आणि झाड सातपुड्यात हवे तेवढे. शिरपूर तालुक्यात आग्रा रस्त्यावर पळासनेर नावाचे गाव आहे. आमच्याकडची ही सगळी नेरे, जामनेर, पिंपळनेर, पळासनेर, झाडाच्या सावलीत वसलेली दिसतात. 'नेर' हा 'नगर'चा घासून राहिलेला अवशेष असावा.

पोटॅशियमची खूण मात्र 'के', कारण लॅटिनीकरण झाले 'कालियम', अरबी 'अल्-क़ली'वरून, जी पुन्हा राखच. भाचीला ते लक्षात ठेवायला कष्ट पडले नाहीत. के म्हणजे केळे, आणि केळ्यात पोटॅशियम. व्युत्पत्ती सपशेल खोटी, पण परीक्षेत गुण खरे.

इथे तिला एक खरी अडचण होती. ती हिंदीतले व्हिडिओ बघून अभ्यास करते. मराठी शाळेत ती शिकली, की 'क्षार' म्हणजे आम्ल आणि आम्लारि यांच्यापासून होणारे मीठ. हिंदीत 'क्षार' म्हणजे अल्कली, आणि मिठाला 'लवण'. तसेच मराठीत 'पेशी' म्हणजे सेल, हिंदीत पेशी म्हणजे स्नायू (कोर्टातली पेशी आणखी निराळी, ती फारसी). दोन्ही शब्द संस्कृत, दोन्ही भाषा शेजारी, आणि मधे बसलेली मुलगी गोंधळलेली. मूळ अर्थाने हिंदीची बाजू बळकट आहे, आयुर्वेदातला क्षार दाहकच. पण 'आम्लारि' हा शब्द हिंदीकडे नाही. आम्लाचा अरि, आम्लाचा शत्रू! एका समासात सगळी उदासिनीकरणाची क्रिया.

कर्बोदकाबद्दल एवढेच, की कर्ब लॅटिन, उदक संस्कृत, आणि मधला गुणसंधी पाणिनीच्या नियमाने. वर 'हायड्रेट'मधला ग्रीक 'हुदोर' आणि आपले उदक पुन्हा भाऊबंद. प्रथिनाचेही तसेच. १८३८ साली बर्झेलियसने 'पहिल्या मानाचे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'प्रोटीन' सुचवले. आपण त्याच्या आवाजाशेजारी 'प्रथम' आणि 'प्रथित' दोन्ही ऐकू येतील असा शब्द केला.

स्निग्ध पदार्थांपाशी मात्र थांबायला हवे, कारण तो धडा आमच्या अमळनेरचा आहे. २९ डिसेंबर १९४५ रोजी तिथे 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी निघाली, जिची पुढे विप्रो झाली. माल म्हणजे सनफ्लॉवर वनस्पती तूप आणि ७८७ नावाचा कपड्यांचा साबण. एका कारखान्यात सेंद्रिय रसायनाची दोन प्रकरणे. तेलात निकेलच्या साक्षीने हायड्रोजन घालायचा की तेल थिजते. तेलचरबीत दाहक सोडा घालायचा की साबण आणि ग्लिसरीन वेगळे होते. 'साबण' लॅटिन 'सापो'पासून अरबीमार्गे आलेला पाहुणा. 'वनस्पती'ची कथा त्याहून लांबची. चरकाच्या लेखी वनस्पती म्हणजे फूल न दिसता फळणारे झाड, उंबर-वडासारखे. पुढे सगळ्याच झाडाझुडपांना ते नाव पडले, आणि विसाव्या शतकात ते पत्र्याच्या डब्यात शिरले. त्याच वर्गीकरणात फळ पिकले की जिचा शेवट होतो ती 'ओषधी', आणि ओषधीपासून झाले ते औषध. एकदा घड उतरला की केळीचे खोड संपते. म्हणजे दाजींची केळीची बाग चरकाच्या व्याख्येने ओषधींची, आणि लेक शिकते औषधांचे. हे मी बोललो तेव्हा बहीण पहिल्यांदाच माझ्या संशोधनावर खूश दिसली.

हायड्रोजन पुरता भरलेल्या मेदाला पुस्तकात 'संपृक्त' म्हणतात, जागा रिकामी असेल तर 'असंपृक्त'. कुणाला हा शब्द रुक्ष वाटेल. पण रघुवंशाच्या पहिल्याच श्लोकात कालिदासाने पार्वती-परमेश्वरांच्या एकरूपतेला उपमा दिली ती शब्द आणि अर्थ यांची, आणि त्या जोडीला विशेषण लावले संपृक्त. 'पृच्' म्हणजे मिसळणे, भरून जाणे. शब्दात अर्थ असा मुरलेला, की आणखी काही मावायला जागा नाही.

'सेंद्रिय'चे नेमके तेच झालेले नाही. तो असंपृक्त राहिला, आणि रिकाम्या जागी जो येईल तो अर्थ चिकटला. रसायनवाल्यांनी व्होलरनंतर चेतनेची कसोटी सोडली आणि कार्बनची धरली, शब्द मात्र जुनाच ठेवला. शेतीवाल्यांचा अर्थ वेगळ्या वाटेने आला. धुळ्याहून आग्रा रस्त्याने सरळ वर गेले की इंदूर. तिथे अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२४ नंतर काडीकचरा आणि शेण कुजवून खत करण्याची रीत बसवली, जी जगभर इंदूर पद्धत म्हणून गेली. १९४० साली इंग्लंडात लॉर्ड नॉर्थबोर्न याने अशा शेतीला 'ऑर्गॅनिक' म्हटले. त्याला कार्बन अभिप्रेत नव्हता. सगळे शेत हाच एक देह, त्याचे अवयव एकमेकांना पोसतात, असे त्याला म्हणायचे होते. म्हणजे चरकाच्या जवळचा सेंद्रिय शेतकऱ्याकडे राहिला आणि लांबचा रसायनवाल्याकडे. दहावीच्या पुस्तकात आता 'कार्बनी संयुगे' असे लिहितात. ते करणाऱ्यांनी भांडण मिटवले खरे, पण चरकाची जोडी फुटली. 'निरिंद्रिय'ला आता जोडीदार उरला नाही, आणि 'अकार्बनी' ऐकताना मला उगाच वांझोटे वाटते.

हे सगळे मी दाजींना थोडक्यात सांगितले. युरिया सेंद्रिय आहे, कारण त्यात कार्बन आहे. आणि सेंद्रिय नाही, कारण तो कारखान्यात झाला आणि त्यात इंद्रिय कुठलेच नाही. दाजींनी शांतपणे ऐकून घेतले. मग एक गोणी खांद्यावर घेतली, ओट्याची पायरी उतरले, आणि मागे वळून लेकीला म्हणाले, "तुनं पुस्तक खरं व्हई त सरकारले लिखी दे. म्हनावं, आमले बी सेंद्रियनं सर्टिफिकेट द्या."